भिणाऱ्याचा वाटा

‘आम्हांला फसवले’ हे वाक्य फार सोयीचे आहे. ते उच्चारले की माणसाची दोन कामे एकदम होतात. घडलेल्या अनर्थातून त्याचे अंग मोकळे होते, आणि वर चार लोकांची सहानुभूतीही पदरात पडते. युद्धे संपली, राज्ये उलथली, पेढ्या बुडाल्या, की हे वाक्य घरोघर ऐकू येऊ लागते. मग फसवणारे कोण याची यादी तयार होते. आणि गंमत अशी की त्या यादीत यादी करणाऱ्याचे नाव कधीच नसते.

१९४६ सालच्या ऑगस्ट महिन्यात एका जपानी माणसाने या वाक्याला हात घातला. मान्साकू इतामी हे त्याचे नाव. तो चित्रपट-दिग्दर्शक होता. तलवारबहाद्दरांच्या कथा सगळेच सांगत होते. याने त्या तलवारबहाद्दरांनाच किंचित हास्यास्पद करून दाखवले होते. पण आता तो क्षयाने अंथरुणाला खिळला होता. जपान हरून एक वर्ष झाले होते. युद्धाला जबाबदार असलेल्या चित्रपटवाल्यांना या धंद्यातून हाकलून द्यावे, अशी मागणी कलावंतांच्या एका संघटनेने केली होती आणि मागणी करणारांत इतामींचे नाव घातले होते. त्यांनी ते काढून घ्यायला सांगितले आणि त्याचे कारण एका लेखात मांडले.

त्या लेखाचा आशय असा. सगळेच म्हणतात, आम्हांला फसवले. मग फसवले कोणी? एका मूठभर मंडळाने कोट्यवधी लोकांना फसवणे शक्य तरी आहे का? युद्धाच्या काळात आम्हांला रोजच्या रोज कोणी जाच केला ते आठवू गेले, तर सेनापतींचे चेहरे डोळ्यांपुढे येत नाहीत. शेजारचा छोटा दुकानदार, आळीचा मुखिया, कचेरीतला कारकून, शाळेतला मास्तर यांचेच चेहरे येतात. साधी टोपी घालून कोणी बाहेर पडला, तर त्याच्याकडे देशद्रोह्याकडे पाहावे तसे पाहणारे हेच लोक होते. तेव्हा फसवणारे आणि फसणारे असे दोन गट पाडताच येत नाहीत. आणि फसणे हे दुर्दैव असेल, पण निर्दोषपणा नव्हे. विचार करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवणे हाही एक दोषच आहे. आपण स्वतः युद्धप्रचाराचा एकही चित्रपट काढला नाही, यात आपला काही मोठेपणा नाही, हे सांगायलाही ते विसरले नाहीत. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १९४६ मध्ये, ते वारले.

त्या यादीतला ‘शाळेतला मास्तर’ माझ्या मनातून जात नाही. मी स्वतः मास्तर आहे. वरून आलेला कागद वर्गात वाचून दाखवायचा, आणि तो आपला नव्हेच अशा थाटात खडू झाडत बसायचे, हे आमच्या धंद्यात रोजचेच. म्हणून हा प्रश्न मला जपानचा वाटत नाही. प्रश्न असा आहे: जुलूम करणाराचा दोष तर उघडच आहे, पण त्या जुलमापुढे भिऊन, लाजून किंवा भिडेखातर मान तुकवणाराचा त्यात वाटा किती? आणि तो वाटा त्याला सांगावा तरी कसा?

वडील गेले तेव्हा मान्साकूंचा मुलगा तेरा वर्षांचा होता. १९३३ साली क्योतोत जन्मलेला हा मुलगा पुढे जूझो इतामी या नावाने जगाला ठाऊक झाला. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे त्याने कधी जाहीर केले असेल असे मला वाटत नाही. पण त्याचे आयुष्य पाहिले की वाटते, हा गृहस्थ त्याच प्रश्नाशी खेळत होता, आणि तेही हसत हसत.

मात्र त्याला फार वेळ लागला. मात्सुयामा गावी तो शाळेत असताना त्याला एक मित्र मिळाला: केन्झाबुरो ओए, ज्यांना १९९४ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच ओएंनी १९६० साली त्याच्या बहिणीशी लग्न केले. जूझो मात्र आधी जाहिरातींची अक्षरे आणि चित्रे काढीत होता. मग नट झाला. ‘फिफ्टीफाइव्ह डेज अ‍ॅट पेकिंग’ (१९६३) आणि ‘लॉर्ड जिम’ (१९६५) या परदेशी चित्रपटांतही त्याने छोट्या भूमिका केल्या. निबंध लिहिले, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम केले, मानसशास्त्राला वाहिलेले एक मासिक चालवले. मधेच स्वतःच्या नावातला ‘एक’ हा आकडा काढून त्याने ‘दहा’ घातला. जपानी लिपीत ‘एक’ वजाबाकीच्या चिन्हासारखा दिसतो आणि ‘दहा’ बेरजेच्या. वजेचे अधिक करायचे, एवढाच त्यातला हेतू! असा हा माणूस. सगळे काही करणारा आणि कशातच न मावणारा. पन्नाशी उलटल्यावर, १९८४ साली, त्याने पहिला मोठा चित्रपट दिग्दर्शित केला. पुढच्या तेरा वर्षांत एकंदर दहा झाले, आणि दहाही चित्रपटांत त्याची पत्नी नोबुको मियामोतो होती.

मला जपानी येत नाही. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचत, माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीला ताण देत, मी हे चित्रपट पाहिले. तरी हसायला कुठे अडले नाही.

पहिल्या चित्रपटाचे नाव ‘ओसोशिकी’, म्हणजे अंत्यविधी. दिवाळीच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये, कारण चित्रपट विनोदी आहे. नोबुको मियामोतोंचे वडील वारले आणि त्यांच्या उत्तरक्रियेची जबाबदारी या नट-नटी जोडप्यावर आली. त्या अनुभवातून हा चित्रपट निघाला. चित्रपटातही नवराबायको नटच आहेत. विधी तीन दिवसांचा, आणि कशाला काय म्हणतात हे दोघांना ठाऊक नाही. भटजींना किती द्यायचे? सांत्वनाला आलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचे? शेवटी ते एक शिकवणीची फीत आणतात आणि पडद्याकडे पाहून दुःखाची वाक्ये पाठ करतात. मंत्र म्हणायला धर्मगुरू येतात ते रोल्स रॉइसमधून. शेवटी आभाराचे भाषण जावयाने घोकून ठेवलेले असते. पण म्हातारी विधवा स्वतःच बोलायला उठते, चार साधी वाक्ये बोलते, आणि तीन दिवसांच्या त्या सगळ्या देखाव्यात प्रथमच कोणीतरी खरे बोलल्यासारखे वाटते.

हा चित्रपट इतामींनी आपल्या स्वतःच्या घरात चित्रित केला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. उपहासकाराने पहिला दगड मारायचा तो आपल्याच अंगणात. ज्याने पहिल्याच खेपेला आपले घर, आपले सासर आणि आपला धंदा यांना हसून घेतले, त्याला पुढे इतरांकडे पाहून हसण्याचा अधिकार मिळतो.

वर्गात पंचवीस-तीस मुले रोज डोळ्यांपुढे असतात, त्यामुळे हास्याचे दोन प्रकार मला ओळखता येतात. एखादा तोतरा मुलगा वाचायला उभा राहिला, की मागच्या बाकावरून एक हसू येते. त्या हसण्याने हसणारे एका बाजूला होतात आणि तो मुलगा दुसऱ्या बाजूला एकटा पडतो. पण एखादे दिवशी सगळ्या वर्गाने एकाच वहीवरून उतरवलेली एकच चूक मास्तर फळ्यावर लिहून दाखवतात, तेव्हाही वर्ग हसतो. त्या हसण्यात कोणी बाहेर राहत नाही. पहिले हसू माणसाला वगळते, दुसरे माणसाला सामावून घेते. दोष तर दोन्हीकडे दाखवला जातो. पण दुसऱ्या प्रकारात तो दोष कबूल करायला कोणाला लाज वाटत नाही.

इतामींचे हसणे या दुसऱ्या जातीचे आहे. ‘ताम्पोपो’ (१९८५) हा चित्रपट एका विधवेच्या शेवयांच्या दुकानाचा. ट्रक चालवणारा एक टोपीवाला गडी तिला चांगले रामेन करायला शिकवतो, एवढीच गोष्ट. पण मधूनमधून खाण्याचे किती तरी छोटे प्रसंग येतात. एका वर्गात बायकांना आवाज न करता शेवया खाण्याचे परदेशी शिष्टाचार शिकवले जात असतात. पलीकडच्या टेबलावरचा खराखुरा परदेशी माणूस खुशाल भुर्रकन ओढून खातो, आणि बघता बघता शिक्षिकेसकट सगळ्या बायका तसेच खाऊ लागतात. दुसऱ्या एका प्रसंगात एक आई मरणाच्या दारात आहे. नवरा तिला ओरडून सांगतो, ऊठ, स्वयंपाक कर! ती उठते, भात परतते, मुलांना वाढते, त्यांना खाताना पाहते आणि तिथेच प्राण सोडते. बाप रडत मुलांना म्हणतो, खा, आईच्या हातचे शेवटचे आहे, गरम आहे तोवर खा. हे पाहताना हसावे की रडावे ते कळत नाही. त्या बाईला जन्मभर चुलीपाशी कोणी ठेवले, हा प्रश्न मात्र घशात अडकून राहतो. नवऱ्याला शिव्या घालून मोकळे व्हावे म्हटले, तर तोही बिचारा रडतोच आहे.

‘ओसोशिकी’ला अनपेक्षित यश मिळाले आणि प्राप्तिकराचा मोठा आकडा पुढ्यात आला. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. इतामींनी कर बुडवणारे आणि त्यांना पकडणारे यांचाच अभ्यास सुरू केला. त्यातून ‘मारुसा नो ओन्ना’ (१९८७) हा चित्रपट झाला. करखात्यातली एक चिकाटीची बाई, आणि हॉटेलांच्या धंद्यातला पैसा लपवणारा एक लंगडा मालक, अशी ही झुंज. पण बाई पहिल्यांदा कोणाला पकडते? दुकानातलाच माल घरी खाऊन तो वहीत न मांडणाऱ्या एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याला! आपण सगळे कर बुडवणाऱ्या धेंडांच्या नावाने बोटे मोडत असतो. इतामी आधी आपल्याच फडताळातली बरणी उघडून दाखवतात. १९९६ सालच्या ‘सुपा नो ओन्ना’त तर गोष्ट आणखी घरगुती आहे. एका किराणा-भाजीच्या मोठ्या दुकानाचे नाव ‘प्रामाणिक दुकान’, आणि तिथे कालच्या मांसावर आजची तारीख चिकटवून ते पुन्हा विकायला ठेवतात. हे सगळ्या नोकरांना ठाऊक असते. कोणीच दुष्ट नसतो. ‘चालायचेच’ हा एकच मंत्र सगळे जपत असतात. मग स्वयंपाकघराचा अनुभव असलेली एक गृहिणी तिथे कामाला येते आणि विचारते, तुम्ही स्वतः हे घरी न्याल का?

पण या सगळ्यांत वडिलांच्या प्रश्नाला थेट भिडणारा चित्रपट म्हणजे १९९२ सालचा ‘मिंबो नो ओन्ना’. जपानात याकुझा नावाच्या गुंडांच्या संघटित टोळ्या आहेत. चित्रपटांनी त्यांना फार दिवस शूर, वचनाला जागणारे, गोंदलेल्या पाठींचे वीर म्हणून रंगवले होते. इतामींनी ते रोज काय करतात ते दाखवले. एका मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात हे लोक येऊन बसतात, मोठ्याने बोलतात, क्षुल्लक तक्रार उकरून काढतात आणि भरपाई मागतात. हॉटेलचे लोक काय करतात? वाकतात, क्षमा मागतात, आणि गाजावाजा नको म्हणून पाकीट पुढे करतात. एकदा दिले की पुन्हा यायला आमंत्रणच. मग एक वकीलबाई येते. ती हॉटेलच्या नोकरांना साधी गोष्ट शिकवते: या लोकांचा माल एकच आहे, तो म्हणजे तुमची भीती. तो तुम्हीच त्यांना पुरवता. तो पुरवायचे बंद करा, कायद्याकडे जा, आणि एकट्याने त्यांच्यासमोर बसू नका.

इथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो लहान नाही. हा न्याय उलटा तर होत नाही ना? सुरी ज्याच्या हातात आहे त्याला सोडून, ज्याच्या गळ्याशी ती लावली आहे त्याला ‘तुझाही वाटा आहे’ म्हणणे सोपे असते. हॉटेलातल्या कारकुनाला बायको-मुले आहेत, भाड्याचे घर आहे. त्याने भिऊ नये तर काय करावे? मी हा आक्षेप पुष्कळ दिवस मनात घोळवला आहे. मला वाटते, त्याचे उत्तर ‘वाटा’ या शब्दातच आहे. वाटा म्हणजे सगळे नव्हे. शंभरातले नव्याण्णव जुलूम करणाराच्या नावे मांडले, तरी एक आपल्या नावावर उरतो. आणि तो एकच आपल्या हातात असतो. नव्याण्णव भाग बदलणे आपल्याला शक्य नाही. हा एक भाग मात्र आपण आज, आत्ता, परत घेऊ शकतो. म्हणून दोषातला आपला वाटा नाकारणारा माणूस स्वतःला निर्दोष ठरवता ठरवता दुबळाही ठरवून टाकतो. भिणे हे पाप नाही. आपल्या भीतीला सभ्यता, रीतभात, व्यवहार अशी गोड नावे देणे, हे मात्र पापाच्या फार जवळ जाते.

इतामींना हे सांगण्याची किंमत द्यावी लागली. टोळ्यांविरुद्धचा नवा कायदा त्याच वर्षी मार्चमध्ये अमलात आला होता. चित्रपट मे महिन्यात झळकला. त्याला आठवडाही झाला नव्हता, तोच २२ मेच्या संध्याकाळी टोकियोत त्यांच्या घरापाशी पाच गुंडांनी त्यांना गाठले आणि चेहऱ्यावर, मानेवर सुरीचे वार केले. चित्रपटातल्या वकीलबाईवरही असाच वार होतो. पण तो पडद्यावरचा होता. इतामी वाचले. आपण माघार घेणार नाही, दहशतीने कोणाचे स्वातंत्र्य हिरावून घेता येऊ नये हेच तर आपल्या चित्रपटाचे सांगणे आहे, असे त्यांनी जाहीर केले. हल्लेखोर पकडले गेले, त्यांना शिक्षा झाली.

मला या प्रसंगात एक विचित्र समाधानही दिसते. या टोळ्यांना राकट म्हणून, क्रूर म्हणून दाखवणारे कितीतरी चित्रपट होऊन गेले. त्यांचा राग आला नाही. राग आला तो आपल्याकडे पाहून लोक हसतात याचा. कारण ज्याच्याकडे पाहून एकदा मनमोकळे हसलो, त्याला पुन्हा पूर्वीसारखे भिता येत नाही.

पुढे इस्पितळातल्या दिवसांतून त्यांनी १९९३ साली मरणाऱ्या माणसाच्या हक्कांविषयी एक चित्रपट केला. तो चालू असता एका माणसाने चित्रपटगृहाचा पडदाच फाडला. पोलिसांच्या पहाऱ्यात राहण्याचा जो अनुभव आला, त्यावर १९९७ साली दहावा चित्रपट केला. जखमेचाही विनोद करून टाकण्याची ही जिद्द अजब होती.

आणि त्याच वर्षी, २० डिसेंबर १९९७ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, कचेरीच्या इमारतीवरून पडून त्यांचा अंत झाला. एका साप्ताहिकात त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी मजकूर येणार होता. तो खोटा असल्याचे सांगणारी यंत्रावर छापलेली चिठ्ठी मागे होती. पोलिसांनी ती आत्महत्या मानली. यामागे टोळीवाल्यांचा हात असावा, असा संशय पुढे अनेकांनी बोलून दाखवला. त्यांच्या मेव्हण्याने, ओएंनी, आपल्या मित्राच्या जाण्याभोवती २००० साली एक कादंबरीच लिहिली. २००७ साली मात्सुयामात इतामींचे स्मारक-संग्रहालय उभे राहिले.

साऱ्या देशाला ‘भिऊ नका’ म्हणून सांगणाऱ्या माणसाचा असा शेवट झाला, म्हणून त्याचे सांगणे खोटे ठरते का? कित्येकांना तसे वाटेल. मला वाटत नाही. वैद्य आजारी पडला म्हणून औषध खोटे ठरत नाही. पण या शेवटाकडे पाठ फिरवूनही चालणार नाही. त्यातून शिकण्यासारखे एक आहे, आणि ते इतामींच्याच चित्रपटांत आधीपासून लिहिलेले होते.

त्यांच्या चित्रपटांत एकटा माणूस कधीच जिंकत नाही. शेवयांचे दुकान उभे राहते ते चार-पाच जण मिळून शिकवतात तेव्हा. आणि शेवटच्या परीक्षेत ते सगळे वाडगा तोंडाला लावून तळापर्यंत रस्सा पितात, तेव्हा कुठे ती बाई स्वयंपाकीण ठरते. हॉटेल सुटते ते वकीलबाईच्या हुशारीने नव्हे, तर सगळे नोकर खांद्याला खांदा लावून दाराशी उभे राहतात तेव्हा. दुकान सुधारते ते एका गृहिणीच्या बोलण्याने नव्हे, तर कामाला असलेल्या बाया ‘आम्ही हे करणार नाही’ म्हणतात तेव्हा. वडिलांनी दोषाचे वाटप केले होते: एकट्या मूठभरांचा नाही, सर्वांचा. मुलाने धैर्याचे वाटप केले: तेही एकट्याच्या अंगी पुरत नाही, सर्वांनी थोडे थोडे उचलायचे असते. एकट्या शूराच्या खांद्यावर सगळ्यांचे धैर्य टाकून आपण टाळ्या वाजवत बसलो, तर तो शूर कधीतरी वाकणारच. तेव्हा ‘तो का वाकला’ हे विचारण्याआधी ‘आपण कुठे उभे होतो’ हे विचारावे.

भिणाऱ्याचा वाटा त्याला सांगायचा कसा, असे मी वर विचारले होते. रागावून सांगितला तर तो कानांवर हात ठेवतो. उपदेश केला तर मान डोलावून घरी जातो. हसवून सांगितला, आणि हसवणाराने स्वतःलाही त्यात धरले, तर तो ऐकतो. कारण मग त्याला आपण एकटे पकडले गेलो असे वाटत नाही. शेजारचाही हसतो आहे, म्हणजे शेजाऱ्यानेही तेच केले आहे, हे त्याला कळते. आणि दोघे एकाच गोष्टीला हसले, की उद्या दोघे मिळून तिला ‘नाही’ म्हणण्याचा संभव निर्माण होतो. संभवच, खात्री नव्हे. परंतु भ्यालेल्या माणसाला तेवढाही आधार पुष्कळ असतो.